तक्रार निकाली काढण्यात आली आहे

मंडळी, गेल्या वर्षभरात मला चार जणांनी एकाच अर्थाचा मजकूर पाठवला. एक भाचा, एक जुना विद्यार्थी, आमच्या विहीणबाई आणि एक ब्लॉगवरचे स्नेही. मजकूर असा की, रस्त्यातला खड्डा, बंद पडलेला दिवा किंवा फुटलेली पाइपलाइन दिसली की आता नुसता फोटो काढायचा. कृत्रिम बुद्धिमत्ता तो फोटो बघून काय बिघडलंय ते ओळखते, जागा शोधते, छान शुद्ध मराठीत तक्रार लिहिते आणि योग्य त्या खात्याकडे धाडते. खाली चौघांचाही शेरा साधारण एकच, "बाई, तुमचं काम वाचलं!"

माझं काम म्हणजे अर्ज लिहून देणं. जे इथे नव्याने वाचताहेत त्यांच्यासाठी सांगते. मी शाळेत मराठी शिकवलं आणि शाळा सुटल्यावर लोकांचे अर्ज लिहिले. डीपी जळाली, चारी फुटली, ओढ्यावरची मोरी खचली, नळाला आठ दिवस पाणी नाही, वारसनोंद होत नाही, रेशनकार्डात सुनेचं नाव चढत नाही... निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी ओट्यावर कोणी ना कोणी कोरा कागद घेऊन बसलेलं असतं. (आमचे हे होते तोवर म्हणायचे, "तहसीलदाराकडे एवढं टपाल येत नसेल.") तेव्हा या विषयावर चार शब्द बोलायचा मला अधिकार आहे, असं मी धरून चालते.

आणि माझं म्हणणं असं आहे की हे यंत्र चुकीच्या टोकाला जोडलंय.

लोकांना तक्रार लिहिता येत नाही म्हणून खड्डे राहतात, असं या सगळ्यात गृहीत धरलेलं आहे. लोक अडाणी, लोक आळशी, कुठे जायचं ते त्यांना कळत नाही, म्हणून त्यांच्या हातात यंत्र द्या. अहो, तळेगाव ढमढेऱ्यात मी इतकी वर्षं राहते, ज्याला तक्रार करता येत नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे! लिहिता येत नसेल, करता सगळ्यांना येते. पारावर करतात, एस.टी.त करतात, दशक्रियेला पुढारी श्रद्धांजलीच्या भाषणाला उभा राहिला की तो खाली उतरल्या उतरल्या त्याच्या तोंडावरही करतात. कुठला खांब, कुठलं वळण, कधीपासून, कोण पडलं, सगळं तारीखवार पाठ असतं. तक्रारींचा दुष्काळ आपल्याकडे कधीच नव्हता. ती केल्यावर पुढे काय झालं हे बघणारं कोणी नाही, आणि मुख्य म्हणजे ती "मिटली" हे ठरवायचा अधिकार ज्याच्याविरुद्ध ती आहे त्याच्याच हातात आहे. दुखणं इथे आहे.

हे मी हवेत बोलत नाही. मुंबई महापालिकेने १ ते ७ नोव्हेंबर २०१९ या आठवड्यात एक मजा केली होती, ती आठवा. खड्ड्यांच्या तक्रारीसाठी पालिकेचं ॲप होतं, त्यावर तक्रार केल्यापासून चोवीस तासांत खड्डा बुजला नाही तर तक्रार करणाऱ्याला पाचशे रुपये द्यायचे. अट एवढीच की खड्डा निदान एक फूट लांब आणि तीन इंच खोल हवा. (म्हणजे अडीच इंचाचा असेल तर तो आपल्या नशिबाचा भाग!) आणि काय आश्चर्य, पालिकेच्याच सांगण्यानुसार त्या आठवड्यात आलेल्या बहुतेक तक्रारींवर चोवीस तासांत काम झालं. रस्ते तेच, अभियंते तेच, डांबर तेच, ॲपसुद्धा तेच. त्यात कसलीही कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती. उशीर केला तर कोणाला तरी काहीतरी द्यावं लागेल, एवढीच एक गोष्ट नवी होती. आठवडा संपला, योजना संपली. पुढच्या पावसाळ्यात मुंबईचे रस्ते कसे होते ते तिथल्या नातेवाइकांनी प्रतिसादात सांगावं.

म्हणजे यंत्र जे काम करणार म्हणतात, खड्डा ओळखणं आणि कळवणं, ते अडलेलंच नव्हतं.

दिव्यांचं तर त्याहून स्पष्ट आहे. २०२१ साली महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांच्या पथदिव्यांची वीज महावितरणने तोडली, कारण बिलं थकली होती. ती ग्रामपंचायतीने भरायची की वरून यायची, यावर वाद. सरपंच लोक रस्त्यावर उतरले. शेवटी पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून भरा असं ठरलं, त्यावरही नाराजी झाली, कारण तो पैसा गावाच्या दुसऱ्या कामांसाठी होता. आता मला सांगा, त्या काळात एखाद्या बाईने अंधाऱ्या खांबाचा फोटो काढून यंत्राकडे दिला असता, तर यंत्राने काय ओळखलं असतं? "दिवा बंद आहे." ते तर सगळ्या गावाला दिसत होतं! दिवा का बंद आहे, पैसे कुठल्या टेबलावर अडलेत, सही कोणाची राहिली, हे फोटोत येत नाही. ते ज्या कागदात असतं तो कागद कचेरीच्या कपाटात असतो, आणि त्या कपाटाला यंत्र लावायची गोष्ट कोणीच काढत नाही.

दिवा ही आमच्याकडे आता सोयीची गोष्ट राहिलेली नाही, हे पुण्यामुंबईच्या मंडळींना मुद्दाम सांगायला हवं. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आमच्याच शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबूतच्या बाजूला, वीस-बावीस दिवसांत बिबट्याने तीन माणसं मारली. त्यांत दोन मुलं होती. लोक महामार्गावर उतरले, तेव्हा टीव्हीवर तुम्ही पाहिलं असेल. तेव्हापासून उसाच्या कडेने अंधारात चालणं म्हणजे काय, ते चालणाऱ्यालाच ठाऊक. माझी एक विद्यार्थिनी कंपनीत दुसऱ्या पाळीला जाते. रात्री साडेअकरानंतर कंपनीची गाडी तिला फाट्यावर सोडते, तिथून वस्ती एक किलोमीटर, दोन्ही बाजूंनी ऊस. रस्त्यावर पाच खांब आहेत, दिवा एकाचाच लागतो. नवरा बॅटरी आणि काठी घेऊन तिला आणायला जातो, तेवढा वेळ घरात सहा वर्षांचं पोर एकटं झोपलेलं असतं. बाहेरून कडी लावून.

या दिव्यांची तक्रार तिने स्वतः मोबाइलवर केली, अगदी फोटोसकट. (शिकलेली मुलगी आहे, मला विचारायलाही आली नाही, याचा मला अभिमानच वाटला.) कुठल्या कचेरीकडे केली ते मी लिहीत नाही, सगळ्या एका माळेचे मणी. नवव्या दिवशी तिला निरोप आला, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. शेरा : सदर काम या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही."

निकाली! मराठी शिकवण्यात जन्म गेला, पण या एका शब्दाइतका निर्ढावलेला शब्द मला भाषेत दुसरा दिसलेला नाही. "निकाल" म्हणजे निर्णय. निकाली काढणं म्हणजे संपवणं. दिवा लागला नाही, कोणी येऊन बघितलं नाही, ज्याचं काम आहे त्याच्याकडे कागदही पाठवला नाही, आणि तक्रार निकाली. महिन्याच्या शेवटी आकडेवारी निघते तेव्हा ही तक्रार "निवारण झालेल्या" रकान्यात असते. मग कोणीतरी मंत्री किंवा सचिव सांगतात की इतके टक्के तक्रारींचं निवारण झालं. टक्केवारी खरी असते, अंधारही खरा असतो. पूर्वी याला "दप्तरी दाखल" म्हणायचे. तो शब्द निदान प्रामाणिक तरी होता, कागद दप्तरात गेला एवढंच तो सांगायचा.

आता यंत्राच्या भाषेकडे येते, कारण तिथे माझा जीव जास्त गुंतलाय.

दिवाळीत नातू आला होता. त्याने मला प्रयोग करून दाखवला. शेजारची एक सून आली होती, तिचं म्हणणं त्याने मोबाइलमध्ये बोलून घेतलं. ती म्हणाली होती, "फाट्यापासनं तिसरा खांब. पोळ्याच्या आदल्या दिशी गेला. त्याच्या बुडाला चर खांदून ठिवलाय, त्यात सासूचा पाय गेला, घोटा मोडला. आता अजून कुणी मरायची वाट बघताय का?" यंत्राने दहा सेकंदांत अर्ज दिला. "सदर परिसरातील पथदिवे दीर्घ काळापासून नादुरुस्त असल्याने नागरिकांना प्रचंड गैरसोयीला सामोरे जावे लागत आहे. तरी आपण याकडे तातडीने लक्ष देऊन योग्य ती कार्यवाही करावी, ही नम्र विनंती."

शुद्धलेखनाची एक चूक नाही. दहावीच्या पत्रलेखनाला पैकीच्या पैकी. आणि कचेरीत किंमत शून्य! तिसरा खांब कुठे गेला? पोळा कुठे गेला? सासूचा घोटा कुठे गेला? त्या बाईने चार वाक्यांत जागा, तारीख, कारण, इजा आणि इशारा असं सगळं दिलं होतं. चांगला वकील याहून वेगळं काय देतो? यंत्राने ते सगळं धुऊन काढलं आणि ज्या भाषेत कचेरी लोकांना टोलवते त्याच भाषेत लोकांची तक्रार लिहून दिली. "सदर परिसर" म्हटलं की कनिष्ठ अभियंत्याने जायचं कुठे? त्याला हवं तेच झालं, त्याला कुठेच जायला नको. "प्रचंड गैरसोय" हा शब्द त्याने दिवसातून तीस वेळा वाचलेला असतो. "सासूचा घोटा मोडला" हे त्याला घरी जेवताना आठवलं असतं.

मी अर्ज लिहायला बसते तेव्हा आधी पंधरा मिनिटं नुसती ऐकते. मग त्यातली दोन वाक्यं जशीच्या तशी ठेवते, अवतरणचिन्हांत. आमचे एक गटविकास अधिकारी एकदा म्हणाले होते, "बाई, तुमचे अर्ज फार बोलतात." मी म्हटलं, "साहेब, माणसंच बोलतात ती, मी फक्त स्वल्पविराम टाकते."

नातू म्हणाला, "आजी, यंत्राला सांगितलं की तिचे शब्द ठेव, तर ते ठेवेल." ठेवेल ना. पण सांगणार कोण? ज्याला माहीत आहे की तिचे शब्दच मोलाचे आहेत, तो सांगेल. तिला तर लहानपणापासून हेच शिकवलं गेलंय की आपली बोली गावंढळ, कागदावरची भाषा शहाणी. यंत्राचा तो गुळगुळीत अर्ज बघून ती हरखून गेली होती.

अजून एक गंमत. त्याच प्रयोगात अर्जावर पत्ता आला तो "मुख्याधिकारी, नगर परिषद, तळेगाव दाभाडे" असा. दाभाड्यांचं तळेगाव मावळात, ढमढेऱ्यांचं शिरूरमध्ये, वेळ नदीच्या काठी. त्यांच्याकडे नगर परिषद, आमच्याकडे ग्रामपंचायत. महाराष्ट्रात आणखीही तळेगावं आहेत, अमरावतीकडे तळेगाव दशासर, संगमनेरला तळेगाव दिघे. पोस्टमनला जे पिढ्यान्‌पिढ्या कळतं ते यंत्राला कळलं नाही. हे उद्या सुधारेल, मी मान्य करते, म्हणून यावर फार वाद घालत नाही. पण सुधारेपर्यंत ज्यांची तक्रार मावळात जाईल, त्यांनाही "अखत्यारीत येत नाही" हेच उत्तर मिळणार, आणि तीही निकाली निघणार.

यंत्राचा खरा उपयोग कुठे आहे हेही सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी नुसती कुरकुरते. आपला रस्ता कोणाचा, हे सामान्य माणसाला खरंच कळत नाही. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेचे. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकामचे. आमच्या गावावरून जाणारा चाकण-शिक्रापूर-न्हावरे रस्ता पूर्वी राज्यमार्ग होता, आता राष्ट्रीय महामार्ग आहे. तालुक्याच्या काही भागात वर पीएमआरडीएसुद्धा आहे. चारीच्या कडेचा रस्ता पाटबंधाऱ्याचा. खड्डा मात्र एकच, आणि त्यात पडणारा सगळ्यांच्या दारात जाऊन येतो. इथे नकाशा आणि यंत्र मिळून एका क्षणात सांगू शकतील की हा तुकडा अमुक कचेरीचा, शेवटचं काम तमुक वर्षी झालं, ठेकेदाराची दुरुस्तीची हमी अजून शिल्लक आहे. असं यंत्र मला मिळालं तर मी देवासमोर साखर ठेवीन! पण मग त्याच यंत्राने चुकीच्या दारात गेलेली तक्रार आपणहून योग्य दारात न्यावी आणि तोवर ती उघडीच ठेवावी. तेवढं सोडून सगळं करताहेत.

घोषणांना तोटा नाही. "आपले सरकार" हे तक्रारींचं संकेतस्थळ २६ जानेवारी २०१५ ला सुरू झालं, एकवीस दिवसांत निवारण असं ठरलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने मेटा कंपनीशी करार केला, की "आपले सरकार" व्हॉट्सॲपवर आणायचं, यंत्राशी मराठीत बोलायचं, तक्रारही तिथेच. केंद्राचं "मेरी पंचायत" ॲप आहे, त्यात जागेच्या खुणेसकट फोटो टाकून ग्रामपंचायतीकडे तक्रार करता येते. आणि ॲप येण्याच्या कितीतरी आधीचा आपल्याच राज्याचा कायदा आहे, २००५ चा, बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करण्याचा. (नाव म्हणेपर्यंतच विलंब होतो.) त्यात लिहिलंय की कुठलीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांहून जास्त पडून राहता कामा नये. सात दिवस! ही नस्ती कोणाच्या टेबलावर किती दिवस आहे, हे मोजायला लागणारं यंत्र अंकगणितापलीकडचं नाही. तिसरीतलं पोर करील. ते गावाला दाखवायची योजना मात्र अजून कोणी मला व्हॉट्सॲपवर पाठवलेली नाही.

उलट मला भीती वाटते ती वेगळीच. आज तक्रार यंत्र लिहितंय. उद्या तिला उत्तर द्यायलाही यंत्रच बसेल, कारण ढीग वाढला की साहेब म्हणणारच, एवढं कोण वाचणार. मग एका यंत्राने लिहिलेलं "सदर परिसर" दुसरं यंत्र वाचील, "योग्य त्या कार्यवाहीसाठी नोंद घेण्यात आली आहे" असं उत्तर देईल, आणि सगळा व्यवहार अर्ध्या मिनिटात, विनम्रपणे आणि व्याकरणशुद्ध पार पडेल. दरम्यान खांबाला कोणी हात लावलेला नसेल.

पूर्वी आम्ही वस्तीचा अर्ज करायचो तेव्हा खाली चाळीस सह्या आणि अंगठे असायचे. दहा-पंधरा जण टेम्पोत बसून शिरूरला जायचे, आवक-जावकला कागद द्यायचे, पोच घेतल्याशिवाय हलायचे नाहीत. लोकांचा एक रोज बुडायचा. तो बुडावा असं मला मुळीच वाटत नाही, फोनवर काम होत असेल तर सोन्याहून पिवळं. पण पलीकडे बसलेल्या माणसाला तेव्हा कळायचं की चाळीस घरं जागी आहेत आणि ही मंडळी पुढच्या लोकशाही दिनाला परत येणार आहेत. आता चाळीस माणसं चाळीस फोनवरून चाळीस वेगवेगळे क्रमांक मिळवतात. एकालाही कळत नाही की शेजाऱ्यानेही तीच तक्रार केलीय. ज्याचा त्याचा क्रमांक, ज्याची त्याची निराशा. गर्दी फोडायला पूर्वी पोलीस लागायचे!

यावर विलायतेत एक साधी युक्ती २००७ सालीच निघाली होती. "फिक्समायस्ट्रीट" नावाचं संकेतस्थळ तिथल्या एका स्वयंसेवी संस्थेने काढलं. तक्रार नकाशावर सगळ्यांना दिसते, शेजाऱ्यालाही. आणि चार आठवड्यांनी तक्रार करणाऱ्यालाच पत्र जातं, काम झालं का? झालं की नाही ते तो सांगतो. बस्स. दुसरीकडे अमेरिकेत बोस्टन शहराने २०१२ मध्ये आणखी हुशार यंत्र काढलं. गाडीत फोन ठेवायचा, हिसका बसला की खड्डा आपोआप नोंदला जातो. मग लक्षात आलं की ज्या भागात चांगले फोन आणि गाड्या जास्त, तिथलेच खड्डे जास्त नोंदले जातील, आणि गरीब वस्त्यांचे रस्ते कागदावर गुळगुळीत दिसतील. आपल्याकडे काय होईल त्याला ज्योतिषी नको. जिथे रेंज येत नाही त्या वस्तीवर एकही तक्रार नाही, म्हणजे तिथे रामराज्य!

आता ग्रामसभेचं. केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाने १४ ऑगस्ट २०२५ ला "सभासार" नावाचं यंत्र आणलं. ग्रामसभेचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रण द्यायचं, ते इतिवृत्त तयार करून देतं. कल्पना मला आवडली. इतिवृत्त घरी बसून लिहिणं आणि सह्या नंतर गोळा करणं ही कला महाराष्ट्रात किती पुढे गेलीय ते मी सांगायला नको. बोललेलं बोलल्यासारखं राहिलं तर चांगलंच. पण "सार" या शब्दापाशी मी अडते. महिलांच्या सभेत एक बाई उभी राहून पदर खोचून विचारते, "तीन वर्षं झाली, त्या विहिरीपाशी अंधार हाय, तुमच्या लेकीबाळी तिथनं जात न्हाईत का?" याचं सार काय निघेल? "महिलांनी पथदिव्यांबाबत सूचना मांडली." मग पुढच्या वर्षी कोणी विचारलं तर दप्तरात राग कुठेच नाही, फक्त सूचना आहे. म्हणून माझं म्हणणं, सार काढा, पण सभा उठायच्या आत तिथेच मोठ्याने वाचून दाखवा. ज्याचं त्याला ऐकू येऊ द्या. "मी असं नाही म्हणाले" असं म्हणायची संधी तिथेच मिळाली पाहिजे. आणि मूळ ध्वनिमुद्रण कोणालाही मागता आलं पाहिजे.

एक गोष्ट राहिली. मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासकाचा कारभार होता. राज्यातल्या बऱ्याच जिल्ह्यांची हीच कथा. म्हणजे ज्याला रस्त्यात अडवून "का रे, मतं मागायला आला होतास" असं म्हणता येईल असा माणूसच नव्हता. आणि नेमक्या याच काळात ॲपवर ॲप आले. तक्रार करायची दारं वाढत गेली आणि दार उघडणारा माणूस नाहीसा झाला. हा योगायोग असेलही. मला तो खटकतो एवढं खरं.

न्यायालयाला हे यंत्राशिवाय कळतं. १३ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख रुपये, जखमीला पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत, आणि खड्डा नजरेस आणून दिल्यावर अठ्ठेचाळीस तासांत त्याची दखल घ्या. म्हणजे पुन्हा तेच, मुंबईच्या पाचशे रुपयांचंच तत्त्व, फक्त आता किंमत माणसाच्या जिवाची लावावी लागली. यापुढे "नजरेस आणून दिलं" याचा पुरावा फार महत्त्वाचा ठरणार आहे. तेव्हा फोटो काढा, तारीख ठेवा, पोच जपून ठेवा, यंत्राने दिलेली असली तरी. त्याला माझी ना नाही.

पण ज्यांच्या हातात ही ॲप करणं आहे (आमच्या नात्यातच असे तिघे आहेत, त्यांनी कान टवकारावेत), त्यांना माझं सांगणं आहे. "तक्रार बंद करा" हे बटण कचेरीच्या पडद्यावरून काढून तक्रारदाराच्या फोनमध्ये ठेवा. तो म्हणेल तेव्हाच बंद. "अखत्यारीत येत नाही" हे उत्तर निवारणात मोजू नका. काम झाल्याचा म्हणून जो फोटो कचेरी टाकते तो यंत्राला तपासू दे. तोच बुजवलेला खड्डा तीन तक्रारींखाली डकवलाय का, एकच शेरा दोनशे ठिकाणी चिकटवलाय का, हे शोधण्यात यंत्र माणसाहून तरबेज आहे म्हणतात ना? मग ते तिथे बसवा. आणि दर महिन्याला गावातल्या उघड्या तक्रारींची यादी चावडीवर लावा, कागदावर, मोठ्या अक्षरात. त्यात कोणाच्या टेबलावर किती दिवस हा रकाना हवा.

यावर नातवाचं उत्तर असं, "आजी, असं ॲप करायला एक महिनाही लागणार नाही, पण कुठलीच कचेरी ते विकत घेणार नाही." मुलगा हुशार आहे.

तोवर ओट्यावर अर्ज लिहून देणं चालू आहे. मंगळवार आणि शुक्रवार सोडून, त्या दिवशी गुडघ्याचे व्यायाम घ्यायला मुलगी येते. येताना पोळा, पाडवा, कोणाचं लग्न, जी काही आठवत असेल ती तारीख आठवून या.